कथेतला जिना कुणालाच का दिसला नाही?

मावशी, मी कोल्हापुरात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी स्पेशल. लहानपणापासून पायांत ताकद कमी, कुबड्या घेऊन चालते. मी एक कथा लिहिली, ती सोबत जोडली आहे. सायली कुबड्या घेऊन चालते, कॉलेजला नवीन आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्गातला ओंकार तिला रोज उचलून वर नेतो. एके दिवशी ती त्याला न सांगता खाली लायब्ररीत बसून राहते. तो शोधत येतो आणि सगळ्यांदेखत ओरडतो, ‘तुझ्यासाठी मी एवढं करतो आणि तू?’ ती सॉरी म्हणत नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढंच म्हणते. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली असते, वर हजेरी चालू असते, तिचा नंबर पुकारला जातो. तिथं कथा संपते.

वाङ्मय मंडळात वाचली. मुलं म्हणाली, ओंकार म्हणजे नादखुळा माणूस, सायलीच कृतघ्न. मुली म्हणाल्या, बिचारी, तिचं त्याच्यावर प्रेम होतं, सांगता आलं नाही. सर म्हणाले, भाषा चांगली आहे, पण शेवट निराश करतो. ती जिद्दीनं जिना चढून वर्गात येते आणि टाळ्या वाजतात असं कर, मग वार्षिक अंकात घेऊ. आणि सगळ्यांनी विचारलं, ‘हे तुझंच ना?’ शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, तो मुलगा कोण? आता आई म्हणते, छापूच नको. खरं सांगायचं तर अकरावी-बारावीत एक मित्र मला उचलून न्यायचा. त्यानं कथा वाचली आणि बोलणं बंद केलं. आमचेही दोन तास दुसऱ्या मजल्यावर असतात, त्या तासांना मी बहुतेक वेळा जातच नाही. पुढच्या महिन्यात मंडळात पुन्हा चर्चा आहे. मी वाईट लिहिलं की यांनी वाईट वाचलं? शेवट बदलू का?

एक वाचक, कोल्हापूर

पोरी,

शेवट बदलू नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण अंकाची तारीख जवळ आली असणार. बाकीचं सावकाश बोलू.

कथा नीट वाचली. चांगली आहे. दोन जागी हात आखडलायस, त्याकडे येतेच. पण आधी वाचणाऱ्यांचं बघू, कारण त्यांनी जे केलं ते एकट्या तुझ्या वर्गाचं नाही.

मराठी स्पेशल म्हणजे रसविचार तुला अभ्यासाला आहेच. भरतमुनींनी आठ रस सांगितले, शांत रस मागाहून आला. या आठांतले दोनच तुझ्या वर्गानं सायलीच्या वाट्याला ठेवले होते, करुण आणि वीर. मुलींनी करुण धरला. सरांना वीर हवा होता. मुलींनी शृंगारही दिला म्हणशील, पण तोही अबोल, पदरात न पडणारा, म्हणजे फिरून करुणच. कथेचं पहिलं पान उलटायच्या आधीच रस ठरला होता. कुबड्या दिसल्या की एकतर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, नाहीतर ऊर भरून आला पाहिजे. आणि तू तर लिहिला आहेस राग. दाबलेला, दात ओठ न खाता गिळलेला राग. तुझ्या कथेचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, मला विचारलास तर मी क्रोध सांगेन. मुलीचा राग वाचायची सवय आपल्याकडे मुळात कमी, त्यातून ज्या मुलीला कुणीतरी मदत करतंय तिचा राग तर नाहीच. म्हणून पोरांना तो कृतघ्नपणा वाटला.

वाचक मनानं वाईट आहेत असं यातून धरू नकोस. काश्मीरचा जुना काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त, त्यानं चांगल्या वाचकाकडून हळवेपणा मागितलेला नाही, सराव मागितला आहे. काव्य वाचून वाचून मनाचा आरसा लख्ख झाला पाहिजे, म्हणजे समोरचं त्यात उमटतं असं तो म्हणतो. तुझ्या वर्गमित्रांना तुझ्या सायलीसारख्या मुलीचा सराव कुठून असणार? लहानपणी रामायण ऐकलं त्यात मंथरा पाठीला कुबड असलेली आणि मनानंही वाकडी. भागवतातली कुब्जा भली, पण तिच्यावर कृपा झाली ती कशी, तर श्रीकृष्णानं तिला सरळ केलं. म्हणजे शरीर वाकडं असेल तर एकतर माणूस दुष्ट, नाहीतर शेवटी शरीर नीट झालं पाहिजे. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकांनी २००० साली हेच पाश्चात्त्य साहित्याबद्दल मांडलं. एखाद्या शरीरात काहीतरी वेगळं आहे म्हणून गोष्ट सुरू होते आणि मग ते वेगळेपण बरं करून, पात्राला मारून किंवा त्याला थोर ठरवून मिटवल्याशिवाय गोष्टीला चैन पडत नाही. सरांनी सुचवलेला शेवट या रांगेत बसवून बघ. सायली जिना चढते, टाळ्या वाजतात, आणि कॉलेज सुटतं. लिफ्टचं काय झालं हे विचारायला कुणी उरत नाही.

स्टेला यंग नावाच्या ऑस्ट्रेलियन पत्रकार होत्या, विनोदी कार्यक्रमही करायच्या, व्हीलचेअर वापरायच्या. २०१४ साली सिडनीतल्या एका भाषणात त्यांनी सांगितलं की अपंग माणसाला धडधाकट माणसांच्या स्फूर्तीसाठी वापरलं जातं. पायऱ्यांकडे बघून कितीही हसलं तरी त्यांचा रॅम्प होत नाही, असं त्या म्हणाल्या. तुझ्या सरांना हे वाक्य जरूर ऐकव, पण प्रेमानं. त्यांनी तुझी भाषा ओळखली, एवढ्यावरून ते वाचणारे गृहस्थ आहेत. वाद घालण्यापेक्षा विचार, ‘सर, टाळ्या वाजल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कशी चढेल? परीक्षेच्या दिवशी? पावसाळ्यात, पायऱ्या ओल्या असताना?’ ते गप्प बसले तर त्यांना वेळ दे.

आपल्या गावाचं आणखी एक आहे. कोल्हापुरात चाकाच्या खुर्चीतली किंवा कुबड्या घेतलेली मुलगी कुणी कथेत आणली की वाचकाच्या मनात नसीमादीदी आधीच येऊन बसलेल्या असतात. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. किती मुलामुलींना त्यामुळे वसतिगृह मिळालं, शाळा मिळाली, काम मिळालं. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ घराघरांत वाचलं गेलं. हे गावाचं भाग्य आहे आणि मी ते पूर्ण आदरानं म्हणते. पण ते आत्मचरित्र आहे. फिलिप लेजून या फ्रेंच अभ्यासकानं १९७५ मध्ये मांडलं की आत्मचरित्र म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला करार असतो. मुखपृष्ठावर ज्याचं नाव, आत बोलणारा तोच, आणि जे सांगतोय ते खरं. तू असा करार केलेला नाहीस. तू ‘सायली’ म्हटलंस, ‘ती’ म्हटलंस. एकोणीस वर्षांच्या सायलीनं संस्था उभारायला नको, कुणाला वाट दाखवायला नको. तिला एखाद्या मंगळवारी तास बुडवायचा हक्क असला पाहिजे. वर्गातली बाकीची पोरं तास बुडवून रंकाळ्यावर जातात तेव्हा त्यांच्या जिद्दीचं काय झालं, असं कुणी विचारत नाही.

‘हे तुझंच ना?’ या प्रश्नावर चिडू नकोस आणि ‘छे, छे’ म्हणून खोटंही बोलू नकोस. सरळ सांग, ‘कुबड्या माझ्या, जिना कॉलेजचा, सायली मी रचली.’ यातलं तिन्ही खरं आहे. त्यापलीकडे कुणी खोदायला लागलं तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

आता तुझ्या लिखाणाकडे येते. तिथं मी तुझ्या बाजूनं थोडी आणि वाचकांच्या बाजूनं थोडी बोलणार आहे.

तुझ्या कथेतली दोन वाक्यं मला सगळ्यात मोठी वाटतात आणि तुझ्या पत्रावरून दिसतं की चर्चेत त्यांचा उल्लेखही झाला नाही. पहिलं, ‘कुबड्या जिन्याखाली, झाडूशेजारी उभ्या होत्या.’ दुसरं, दीड पानानंतर, ‘डबा खाल्ला, पण पाण्याची बाटली तिनं उघडली नाही.’ हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. ओंकारचे दोन्ही हात सायलीला उचलण्यात गुंतलेले, म्हणजे कुबड्या खालीच राहणार. वर बाकावर बसवून तो गेला की तो परत येईपर्यंत सायली त्या बाकाची कैदी. बाथरूमला जायचं म्हटलं तर कुणाला हाक मारायची, आणि काय सांगून? म्हणून ती पाणीच पीत नाही. पूर्ण दिवस. ओंकार नादखुळा माणूस असेल, पण त्याच्या लक्षात हे आलेलं नाही, आणि सायलीनं ते त्याला सांगितलेलं नाही. या न सांगण्यात तुझी कथा आहे. घरून भरून नेलेली बाटली तशीच्या तशी परत आणणाऱ्या कितीतरी मुली आहेत, आणि त्यातल्या सगळ्या कुबड्या घेऊन चालणाऱ्या नाहीत. हे एका बाटलीत तू सांगितलंस याबद्दल तुझं मनापासून कौतुक.

पण ही दोन वाक्यं इतकी लांब लांब ठेवलीस की ती एकमेकांना भेटत नाहीत. वाचकाला बोट धरून न्यायचं नाही हे खरं, तरी दोघांची एकदा नजरानजर होईल इतकं जवळ आण.

दुसरी जागा अशी. ‘ओंकारनं तिला उचललं. सायलीनं डोळे मिटून घेतले. पायऱ्या संपल्या तेव्हा तिनं डोळे उघडले.’ मुलींना इथंच प्रेम दिसलं, आणि खरं सांगू, त्यांचा फार दोष नाही. एखाद्या मुलानं मुलीला उचललं आणि तिनं डोळे मिटले, याचा अर्थ काय हे सिनेमांनी आपल्याला पक्कं शिकवून ठेवलंय. तू तिला डोळे मिटायला लावलेस ते जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहणारी पोरं दिसू नयेत म्हणून. ते तुझ्या मनात आहे, कागदावर नाही. वोल्फगांग इझर हा जर्मन समीक्षक सांगतो की कथेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या आपापल्या परीनं भरतो. भरायला तो काय वापरणार? त्याच्याजवळ आहे तेच. इथं त्याच्याजवळ सिनेमाच होता. तेव्हा सायलीचे डोळे मिटलेलेच ठेव, पण तिला कानांनी जिना चढू दे. ‘सरका, सरका’ कोण म्हणतंय? वरून उतरणाऱ्या मुलींचं बोलणं कुठल्या पायरीला थांबतं? कोण जोरात हसून एकदम गप्प होतं? एवढी दोन-तीन वाक्यं आली की तिथं प्रेमकथा राहायची नाही. आणि ही वाक्यं दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाहीत, तुलाच येतील.

आणखी एक बघ. त्या सगळ्या परिच्छेदात काम ओंकार करतोय. त्यानं उचललं, त्यानं बसवलं, त्यानं दप्तर ठेवलं. सायलीच्या वाट्याला फक्त डोळे. तुला तेच दाखवायचं असेल तर उत्तम, पण मग लायब्ररीच्या दिवशी हे उलटं व्हायला हवं. त्या दिवशी तू लिहिलंयस, ‘ती बसून होती.’ रुसून बसली असं पोरांनी धरलं. तू लिहिलंसच नाही की त्या दीड तासात ती काय करत होती. कारण सांगू नकोस, कृती सांग. कुबड्या तिच्या हाताशी आहेत, बाथरूम त्याच मजल्यावर आहे, कुणाची वाट बघायची नाही. अशा दिवशी त्या बाटलीचं काय होतं? मी सुचवत नाही, विचारतेय.

आता ओंकार. इथं मी तुझ्याशी भांडणार आहे. पत्रात तू त्याची बाजू घेणाऱ्यांना ‘यांनी वाईट वाचलं’ या पिशवीत टाकलंस. तसं नाही पोरी. ओंकारही एकोणीस वर्षांचा आहे. त्याला आजारी पडता येत नाही, उशिरा येता येत नाही, गावी लग्नाला जाता येत नाही, कारण तो नाही आला तर सायली खाली राहते. इमारतीनं करायचं काम कॉलेजनं एका पोराच्या पाठीवर ढकललं आणि वर त्याला चांगुलपणाचं सर्टिफिकेट दिलं. ‘तुझ्यासाठी मी एवढं करतो’ हे वाक्य वाईट आहे, ते त्यानं म्हणायला नको होतं. पण ते त्याच्या तोंडी येतं कारण त्यालाही कुणी विचारलेलं नाही. एकाला उपकार करायला लावायचे आणि दुसरीला उपकाराखाली ठेवायचं, म्हणजे जिना बांधणाऱ्याकडे कुणी बघत नाही. उपकार आणि हक्क यांतला फरक या गावाला कुणी नव्यानं शिकवायला नको. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखीव ठेवल्या, तेव्हा दया म्हणून नाही ठेवल्या. त्याच गावात शिकणाऱ्या मुलीला दुसऱ्या मजल्यावरचा तास मैत्रीच्या भरवशावर मिळतो, हे मला फार लागतं.

तेव्हा ओंकारला कथेत एक अशी जागा दे की जिथं तो थकलेला दिसेल. त्याला माफ करायला सांगत नाही मी. तो खलनायक झाला तर सायलीचा ‘येऊ नकोस’ सोपा होतो. तो बरा माणूस असतानाही ती नको म्हणते, यात तिची किंमत आहे.

याच्याच पुढे तुझ्या मित्राची गोष्ट येते. पत्रात त्याला तू दोन वाक्यांत उरकलंस, मला तोच सगळ्यात अवघड वाचक वाटतो. बाकीच्यांनी सायलीत तुला शोधलं, त्यानं ओंकारमध्ये स्वतःला शोधलं आणि त्याला तिथं ओरडणारा माणूस सापडला. तो कधी तुझ्यावर ओरडला होता का? पत्रात तसं नाही. नसेल तर त्याला हे कळायला हवं की ते वाक्य तू रचलंस. तेव्हा अंक छापून येण्याआधी त्याला भेट. कथालेखकाला स्वातंत्र्य असतं वगैरे काही त्याला ऐकवू नकोस. सांग की, ‘ओंकार तू नाहीस, पण कुबड्या खाली राहायच्या ते खरं आहे, आणि ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही.’ त्याला वाईट वाटेल. कदाचित तोही काही सांगेल, जे त्यानं तेव्हा सांगितलं नव्हतं. ते ऐकून घे. तो म्हणाला की छापू नकोस, तर मात्र कथा मागे घ्यायची गरज नाही. त्याच्या ओळखीच्या खुणा असतील, गाडी, गाव, बोलण्यातली एखादी लकब, तेवढ्या बदल. तो त्याचा अधिकार आहे. दोन वर्षं त्यानं तुला वर नेलं, एवढं त्याच्यासाठी करायलाच हवं.

आईचं वेगळं आहे. शेजारच्या काकूंनी ‘तो मुलगा कोण’ विचारलं आणि आई घाबरली. मुलीचं नाव कुणाशी जोडलं जाईल ही तिची धास्ती आहे, तिला साहित्याशी देणंघेणं नाही. त्या धास्तीला हसू नकोस. तिनं तुला या गावात वाढवलंय, लोक काय बोलतात हे तिनं तुझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. पण मला सांग, आईनं कथा वाचली आहे का? तुझ्या पत्रात तसं कुठं दिसत नाही. तिनं काकूंचा प्रश्न वाचलाय, कथा नाही. तिला बसवून मोठ्यानं वाचून दाखव, बाटलीचं वाक्य न गाळता. संध्याकाळी तुझं दप्तर उघडून भरलेली बाटली बाहेर काढणारी बाई तीच असणार. या कथेचा तिच्याइतका जाणता वाचक दुसरा मिळायचा नाही. ती वाचून काय म्हणते ते बघ आणि मग छापायचं की नाही ते दोघी मिळून ठरवा. तरीही ती नको म्हणाली, तर तू सज्ञान आहेस, निर्णय तुझा. टोपणनावाचा रस्ताही आहे, पण माझं मन त्याला तयार नाही. तू काही लपवण्यासारखं केलेलं नाहीस.

मध्येच एक मनातलं सांगते. कॉलेजात शिकणाऱ्या अपंग मुलामुलींवर मराठीत मी जे वाचते त्यात बहुतेक वेळा अपघात असतो, प्रेमभंग असतो आणि सत्कार असतो. सीपीआर रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ताटकळलेली सकाळ नसते. चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर होणारं आयुष्य नसतं, कारण टक्का चाळिसाच्या खाली आला की सवलती गेल्या. परीक्षेच्या आधी लेखनिक शोधताना होणारी दमछाक नसते, आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात म्हणून ‘मजा आहे बाबा तुझी’ म्हणणारा मित्र नसतो. केएमटी बसची उंच पायरी नसते. कंटाळा नसतो, चहाडी नसते, कुणाच्या नोट्स ढापणं नसतं. हे सगळं कुणीतरी लिहिलेलं मला वाचायचं आहे. वाचकाला सराव लागतो म्हटलं ना, तो अशा पुष्कळ कथांतून होतो. एकट्या सायलीवर तो भार टाकून चालणार नाही, तेव्हा पुढची कथा लिहायला घे.

राहिली मंडळातली चर्चा. तिथं तू आपल्या कथेचा अर्थ सांगायला उभी राहू नकोस. लेखिकेनं अर्थ सांगितला की बाकीचे माना डोलावतात आणि वाचणं थांबतं. आधीच सरांना सांगून ठेव की तू शेवटी बोलशील. मग कागदाचे तुकडे वाट आणि एकच प्रश्न लिहायला सांग: लायब्ररीत बसलेल्या सायलीला त्या वेळी काय हवं होतं? नाव घालायचं नाही. ते मोठ्यानं वाचून दाखवले की लोकांना आपोआप कळेल की कुणी तिच्या हवं-नकोचा विचार केला आणि कुणी फक्त ओंकारच्या. त्यानंतर बाटलीचं आणि कुबड्यांचं वाक्य एकापाठोपाठ एक वाचून दाखव आणि गप्प बस. जे बोलतील ते बोलू दे. कुणी तरीही सायलीला कृतघ्न म्हणालं, तर म्हणू दे. कथेतल्या सायलीनं ओंकारला आधी एक शब्दही सांगितला नाही, निरोप ठेवला नाही, त्याला सगळ्या कॉलेजभर शोधायला लावलं. तिथं ती चुकलीच, असं म्हणणारा वाचक मला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. तो निदान तिला आपल्यासारखी धरून तिच्याशी भांडतोय.

आणि सगळ्यात शेवटी विचार, हा तास दुसऱ्या मजल्यावर घ्यायचं कुणी ठरवलं होतं? खालची खोली रिकामी होती का? माझी खात्री आहे, वर्गातलं एखादं पोरगं म्हणेल, ‘पण वेळापत्रक बदललं असतं तर विषयच मिटला असता की.’ तिथून चर्चा कथेतून बाहेर पडेल आणि पडू दे.

कारण पत्रात तू एक ओळ लिहून पुढे निघून गेलीस की तुझेही दोन तास दुसऱ्या मजल्यावर असतात आणि तू बहुतेक जात नाहीस. सायलीसाठी शेवट शोधत बसण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम १६ आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेनं इमारत, आवार आणि सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, असं त्यात म्हटलंय. लिफ्ट बसायला वर्ष लागेल, पैशाची अडचण सांगतील. तास तळमजल्यावर आणायला एक वेळापत्रक आणि एक सही लागते. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकला सादर करायच्या अहवालातही दिव्यांगांच्या सोयींचा रकाना असतो, त्यामुळे प्राचार्यांना हा विषय नवा नसेल.

अर्ज साधा लिही. नाव, वर्ग, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक, कोणते दोन तास, कोणत्या खोलीत होतात, आणि ते तळमजल्यावर घ्यावेत ही विनंती. कलमाचा उल्लेख एका ओळीत. कथा जोडू नकोस, दुःख लिहू नकोस, आभारही आगाऊ मानू नकोस. मराठी विभागाच्या सरांची शिफारस मिळाली तर घे, मला वाटतं ते देतील. ऑफिसात देताना दोन प्रती ने, तुझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घालून घे. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर मला कळव. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिकडचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी